शेवटच्या प्रकरणातले वडील

बालपणावरच्या कादंबऱ्यांत बाप दोन प्रकारचे असतात: मारणारे आणि मेलेले. तीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसून मी हा निष्कर्ष काढला आहे. तो अजून कोणी खोडून काढलेला नाही, कारण मला कोणी विचारलेलंच नाही. बाप मारणारा असला की मुलगा शेवटी घर सोडतो. मेलेला असला की शेवटी आईला समजून घेतो. तिसराही एक प्रकार असतो. तो मारत नाही, मरत नाही, फक्त बोलायचं बंद करतो. पण हा बाप कादंबरीला परवडत नाही. न बोलणाऱ्या माणसावर पानं भरायची कशी?

आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधून देणारे पुठ्ठेकाका या तिसऱ्या प्रकारातले. त्यांचं खरं नाव दप्तरात आहे, तोंडात कोणाच्याच नाही. दर बुधवारी सकाळी जिन्याखाली सायकल लावून ते वर येतात, मागच्या आठवड्याचा गठ्ठा टेबलावर ठेवतात आणि फाटक्या पुस्तकांचा नवा गठ्ठा नेतात. वय चौऱ्याहत्तर. बोटांच्या पेरांवर वाळलेल्या खळीचा पापुद्रा, आणि घड्या दाबून दाबून उजव्या अंगठ्याचं नख चमच्यासारखं सपाट झालेलं. पुस्तक हातात आलं की आधी ते उलटं धरून झटकतात आणि काय काय गळतं त्यावरून दुखणं ओळखतात. बसची तिकिटं पडतात, औषधांच्या चिठ्ठ्या पडतात. एकदा एक प्रेमपत्र पडलं. ते त्यांनी न वाचता त्याच पानांत परत ठेवलं आणि पुस्तक नवं कोरं बांधून दिलं.

न वाचणं हा त्यांचा नेम. एवढी पुस्तकं हातांखालून जातात, एखादं वाचावंसं नाही वाटत, असं मी एकदा विचारलं होतं. “शिंपी दुसऱ्याचा कोट घालून फिरतो का?” ते म्हणाले होते. एवढं लांब वाक्य त्यांनी त्यानंतर वर्षभर उच्चारलं नाही.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कागद कापायचं यंत्र, पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा, आणि खळीचा आंबूस वास. मागच्या खोलीत संसार. छापखान्यातून पुस्तक सुट्या घड्यांत येतं. सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. फर्म्यांचे ढीग जमिनीवर ओळीने मांडायचे, प्रत्येकातला एकेक क्रमाने उचलत जायचं, की एक पुस्तक जुळतं. हे काम त्यांच्या एकुलत्या एक मुलाकडे होतं. शाळेतून आला की तो ढिगांच्या मागे मांडी घालून बसे.

मुलगा वाचणारा निघाला. बांधणाऱ्याच्या घरी हा दोषच. तो चौदा वर्षांचा असताना कुठल्याशा रहस्यकथेच्या दोनशे प्रती आल्या. पाचव्या फर्म्याच्या शेवटी नायक विहिरीच्या काठाला एका हाताने लोंबकळत होता. पुढे काय होतं ते कळल्याशिवाय पोराला राहवेना. त्याने सहाव्याचा ढीग जवळ ओढला, वाचला, आणि ठेवताना पाचव्याच्या अलीकडे ठेवला. काकांनी भरवशावर शिवून टाकलं. दोनशे प्रतींत नायक आधी विहिरीतून वर आला आणि मग लोंबकळला.

छापखान्याच्या मालकाने सगळा माल परत पाठवला. काकांनी दोनशे प्रती एकट्याने उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी मुलगा मदतीला येऊन बसला, तेव्हा ते म्हणाले, “हात लावू नको.”

त्यानंतर तीन वर्षं ते मुलाशी बोलले नाहीत.

हे मला मुलाच्या आईने सांगितलं. ती आमची सभासद होती. दोन पुस्तकं नेताना चार गोष्टी सांगून जाई. त्या तीन वर्षांत ती घरातलं पोस्ट ऑफिस झाली होती. “त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं.” “त्यांना सांग, एकच पान राहिलंय.” आणि दोघांत अंतर किती, तर हात लांब केला तर टपली बसेल एवढं. एकदा ती चार दिवस माहेरी गेली. परत आली तर घरातलं मीठ संपलेलं, आणि बापलेक समोरासमोर बसून अळणी जेवताहेत. टपाल बंद, सांगणार कोण?

रागाने धरलेला अबोला महिन्याभरातच थकला असावा. पुढची पावणेतीन वर्षं तो नुसता सवयीवर चालला. मोडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि दोघंही निमित्त समोरच्याने काढावं म्हणून थांबून राहिले. बायको म्हणाली, “अहो, एक हाक मारा, काय जातंय?” त्यावर काका म्हणाले, “मारीन की.” ही हाक अर्थातच पुढे ढकलली गेली. सतराव्या वर्षी मुलगा शिकायला मामाकडे निघाला. गाडी संध्याकाळी पाचची. आई पोचवायला गेली. काका म्हणाले, “काम आहे.” कामही होतं. परीक्षेच्या वह्या कापायच्या होत्या. साडेपाचपर्यंत ते कापत होते.

पुढे मुलगा तिकडेच वर्तमानपत्रात लागला. आई नऊ वर्षांपूर्वी गेली, तेव्हा येऊन दोन दिवस राहिला. पोस्ट ऑफिस कायमचं बंद झाल्यामुळे दोघांना सरळ बोलणं भाग पडलं. महिन्यातून एकदा त्याचा फोन येई. बरं आहे? बरं आहे. तू? बरं.

मग मागच्या वर्षी त्याची कादंबरी आली. एका मुलाचं बालपण, बाप पुस्तकं बांधणारा. बातमी गावभर झाली. आमच्याकडच्या तीन प्रतींसाठी चाळीस माणसांची रांग लागली. कादंबरीतला बाप पहिल्या प्रकारातला होता. ओरडणारा, लाकडी पट्टीने मारणारा. घरी पट्टी होती हे खरं, पण तिने कागदाखेरीज काही मोजलं गेलं नव्हतं. मुलाचंही चूक नाही. त्याने सुरुवातीला न बोलणारा बाप लिहून बघितलाच असेल, आणि तिसऱ्या पानावर अडला असेल.

पण बोलबाला झाला तो शेवटच्या प्रकरणाचा. मुलगा गाडीत बसलाय. बाप सायकलवरून स्टेशनकडे निघालाय. वाटेत साखळी पडते. तो बसवायला जातो, बसत नाही, शेवटी सायकल तिथेच टाकून धावत सुटतो. गाडी हलता हलता खिडकीशी पोचतो, तेलाने काळ्या झालेल्या हाताने मुलाची बाही धरतो आणि म्हणतो, “चुकलं माझं, पोरा.” एका समीक्षकाने या प्रकरणाला भाबडं म्हटलं. असेल. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि समोर उभ्या सभासदाला पुस्तक द्यायचंच विसरलो. बापाने जे दिलं नव्हतं, ते मुलाने स्वतःच लिहून घेतलं होतं, आणि वर बापाच्या नावावर टाकलं होतं.

लोक जिन्यात, रस्त्यात, दुकानात पुठ्ठेकाकांना गाठू लागले. “काका, रडवलंत हो!” काका म्हणत, “हं.” त्यांना वाटे, पोराचं कौतुक चाललंय. लोकांना वाटे, काय हा साधेपणा.

मुलाला पुरस्कार मिळाला तेव्हा वाचनालयाने त्याचा सत्कार करायचं ठरवलं. तो येतो म्हणाला. पुढच्या बुधवारी गठ्ठा ठेवून झाल्यावरही काका निघाले नाहीत.

“साहेब, येणार म्हणजे नक्की?”

“नक्की. पत्र आलंय.”

“मला दोन मिनिटं पाहिजेत त्याच्याबरोबर. माणसं नसताना.”

“घरी येईलच की.”

“नाही. संध्याकाळच्या गाडीने परत म्हणाला. रजा नाहीये.” ते गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. “चुकलं म्हणायचंय. बाकी मोठं काही नाही. आता हे सुरू कसं करतात? तुमच्या पुस्तकांत असेल.”

“पुस्तकांत बहुधा उशीर झालेला असतो.”

“मग नको पुस्तकांतलं.”

“काका, आधी त्याची कादंबरी वाचा. निदान शेवटचं प्रकरण.”

“मला त्याच्याशी बोलायचंय, पुस्तकाशी नाही. आणि वाचून गेलो तर त्याला वाटायचं, वाचून बोलतोय.”

यात खोडण्यासारखं काही नव्हतं. पण पुस्तकात काय आहे ते मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “बघा, तुमचं तुम्ही.” जबाबदारी झटकायला आपल्या भाषेत याहून सभ्य शब्द नाहीत.

सत्काराच्या दिवशी पावणेपाचला दोघं माझ्या खोलीत बसले होते. मुलगा त्रेचाळीस वर्षांचा, दाढी पिकू लागलेली. काकांचा सदरा इस्त्रीचा, हात घासून घासून लाल झालेले. बाकाच्या दोन टोकांना दोघं, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. ती कोणासाठी सुटली होती हे मला तरी ठाऊक होतं.

“बरे आहात?”

“बरं आहे. तू?”

“बरं.”

मी चहा ठेवला आणि दोघांना मोकळं सोडायला दाराकडे वळलो, तेवढ्यात दारातून आमचे अध्यक्ष आत आले. हे निवृत्त दंतवैद्य. लोकांना तोंड उघडायला लावून त्याच वेळी त्यांच्याशी गप्पा मारणं हा यांचा जन्मभराचा धंदा. मधल्या जागेत ते बसलेही.

“काका, तुमचे पाय धरायला हवेत! ते स्टेशनवरचं! साखळी पडते काय, सायकल टाकून धावता काय, ते काळे हात, ते ‘चुकलं माझं’! अहो, वाचून झाल्यावर बायको मला म्हणाली, तुमच्या तोंडून हा शब्द मी एकदा तरी ऐकणार आहे का? घरात बसणं मुश्कील केलंत माझं. खरं सांगा, अगदी अस्संच झालं ना?”

पुठ्ठेकाकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा कपात बघत होता.

खरं काय ते त्या खोलीत तिघांना माहीत होतं. त्यांतला एक लेखक, एक बाप. तिसऱ्याला एवढंच म्हणायचं होतं, की अध्यक्ष, कादंबरी आहे ती, चला, सभागृहात लोक जमलेत. हे वाक्य माझ्या जिभेवर पुरतं तयार होतं. मी बशी पुढे केली आणि म्हटलं, “बिस्कीट घ्या.”

“हो,” पुठ्ठेकाका म्हणाले. “जुनी सायकल. साखळी पडायचीच.”

मुलाने मान वर केली. बापाकडे बघितलं, मग हसला. अनोळखी माणसाने रस्ता चुकीचा सांगितला तरी आपण हसतो, तसं.

“हो बाबा,” तो म्हणाला. “पडायचीच.”

अध्यक्ष तृप्त होऊन उठले. मीही त्यांच्यामागून बाहेर पडलो, पण दाराशीच रेंगाळलो. त्याचा मला अभिमान नाही.

“ग्रंथपाल सर म्हणाले, तुम्हाला काही बोलायचं होतं,” मुलगा म्हणाला.

बराच वेळ चमचा कपावर वाजत राहिला.

“काही नाही. ते तू लिहिलंयसच म्हणे.”

“हो. लिहिलंय.”

सत्कार झाला. मुलगा चांगलं बोलला. बालपण आठवत नसतं, ते रचावं लागतं, असं काहीतरी म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. निघताना काका चपला घालून तयार झाले, तर तो म्हणाला, “तुम्ही नका येऊ स्टेशनवर, उगाच दगदग.” काका गेले नाहीत.

पुढच्या बुधवारी दुरुस्तीच्या गठ्ठ्यात तीच कादंबरी होती. पुस्तक सहसा पुढून खिळखिळं होतं. हे शेवटून झालं होतं. काकांनी सवयीने उलटं धरून झटकलं आणि शेवटचा फर्मा गळून टेबलावर पडला. त्यांनी तो उचलला, खुर्ची ओढली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले. सोळा पानांना चाळीस मिनिटं लागली. या वेळात मी एक यादी तीनदा तपासली.

“हे मी म्हटलंय असं लिहिलंय,” ते म्हणाले.

“हो.”

“मी नव्हतो तिथे.”

“माहीत आहे.”

“त्याला तर माहीतच आहे.” त्यांनी फर्मा टेबलावर ठेवला. “साहेब, मला वाटलं, त्याने माझ्याबद्दल काहीतरी बरं लिहिलंय. चार माणसांत नाही म्हटलं तर पोरगं खोटं पडेल. म्हणून हो म्हटलं. आणि त्याला वाटलं असणार, म्हातारा फुकटचं पदरात पाडून घेतोय.”

मी यादीची घडी घातली.

“तुम्हाला माहीत होतं ना सगळं?”

“होतं.”

“मग बिस्किटं कसली वाटत होतात?”

मी टेबलावरचा त्यांचाच फोन त्यांच्यापुढे सरकवला.

काकांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

“बाबा? काय झालं?” मुलाचा आवाज घाबरलेला. बापाचा फोन आपणहून कधी आलाच नव्हता.

“काही नाही. वाचलं मी. शेवटचं.”

“अच्छा.”

“साखळी बरी होती. मीच आलो नाही. वह्या कापत होतो. गाडीची शिट्टी घरापर्यंत ऐकू आली.”

पलीकडे कीबोर्डची टकटक चालली होती, ती थांबली.

“माहीत आहे, बाबा.”

“हे सांगायचं होतं. त्या दिवशी.”

“त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात.”

“हो.”

“बाबा, स्टेशनचं मला काही नव्हतंच. कादंबरीला शेवट लागतो, म्हणून मी ते घातलं. माझं जे काय होतं ते घरात होतं. तीन वर्षं.”

“ते ठाऊक आहे मला. स्टेशनचं ते लहान होतं, म्हणून तिथून सुरू केलं.”

काकांचे ओठ हलले. म्हणायचं ते एकच वाक्य, सव्वीस वर्षं जपून ठेवलेलं. पण ते आता छापून आलं होतं. चाळीस माणसं रांगेत उभी राहून ते वाचून गेली होती, आणि पाच मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतः त्याच्याखाली बोट ठेवलं होतं. आता ते म्हटलं तर पुस्तकातलं म्हटल्यासारखं होणार. दुसरं वाक्य त्यांच्यापाशी नव्हतं. मुलाने पुस्तकात बापाच्या तोंडी घातलं ते वाक्य बापाचंच होतं. फक्त ते आधी खर्च झालं.

“बाबा, मला आत बोलावताहेत. नंतर बोलू या.”

“बोलू.”

फोन खिशात ठेवून काकांनी गठ्ठा बांधला. कादंबरी दुरुस्त होऊन आली ती वेळेवर आली. शेवटचा फर्मा जागेवर होता, शिलाई पक्की. मी मोजून पाहिलं, एक पान कमी नव्हतं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. महिन्याचा ठरलेला फोनही आलेला नाही. सुरुवातीला काका दर बुधवारी सांगत, कामात असेल. आता सांगत नाहीत.

मागच्या बुधवारी एक शिक्षिका पुस्तक परत करायला आल्या. टेबलाशी काकांना बघून त्यांनी कादंबरी छातीशी धरली.

“काका, शाळेत मी मुलांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.”

“बाई, मी गेलो नव्हतो,” पुठ्ठेकाका म्हणाले. आवाज मोठा होता. वाचनकक्षातली दोन डोकी वर झाली. “स्टेशनवर मी गेलोच नव्हतो. घरी होतो. मारलंही नाही मी त्याला कधी. तीन वर्षं बोललो नाही, हे केलं.”

बाईंचे डोळे भरून आले. “किती हो विनय! इतकं करून वर म्हणायचं, केलंच नाही.”

या वेळी मी बशी शोधली नाही. “बाई,” मी म्हटलं, “ते खरं सांगताहेत.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वाचनालयाची पुस्तकं रद्दीत घालतो असं त्यांना आत्ताच कळलं असावं. “ग्रंथपाल असून तुम्ही असं बोलता?” त्या म्हणाल्या, आणि तरातरा जिना उतरून गेल्या.

“जाऊ द्या,” पुठ्ठेकाका म्हणाले. “ज्याला कळायला हवं, त्याला पहिल्यापासून माहीत आहे.”